बजेटमधल्या 'कॉमिक्स लॅब'मधून वाशिमच्या पोरांना नेमकं काय मिळू शकतं?

१ फेब्रुवारी २०२६ चं केंद्रीय बजेट आलं तेव्हा बहुतेकांनी आधी आयकराचं काय झालं ते पाहिलं. त्याच भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक वेगळी घोषणा केली. देशातल्या १५ हजार माध्यमिक शाळांमध्ये आणि ५०० कॉलेजांमध्ये 'एव्हीजीसी कंटेंट क्रिएटर लॅब' उभ्या करायच्या. हे काम मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज, म्हणजेच आयआयसीटीच्या मदतीने होणार. या क्षेत्राला २०३० पर्यंत २० लाख कुशल लोक लागतील, असा अंदाजही त्यांनी मांडला.

एव्हीजीसी म्हणजे ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स. यातली पहिली तीन नावं नोकरीच्या जाहिरातींमध्ये दिसतात. चौथं नाव मात्र अनेकांना लहानपणीच्या सुट्टीतलं वाटतं. कॉमिक्स? त्यासाठी सरकारी लॅब?

हाच प्रश्न वाशिममध्ये उभं राहून विचारला तर तो जास्त टोकदार होतो. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातले ऐंशीहून जास्त लोक खेड्यात राहतात. नीती आयोगाच्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत वाशिमचं नाव आहे, म्हणजे शिक्षण आणि आरोग्यात जिथे जास्त जोर लावायची गरज आहे अशांपैकी हा एक. अशा ठिकाणी कॉमिक्सची लॅब आली, तर तिथल्या नववी-दहावीच्या मुलामुलींच्या हातात काय पडेल?

घाईत उत्तर द्यायचं तर 'नोकरी' म्हणता येईल. पण नोकरी कसली, हे त्या लॅबमध्ये काय शिकवलं जातं यावर ठरेल. दुसऱ्याची गोष्ट रंगवून देणारे हात तयार करायचे, की स्वतःची गोष्ट सांगणारी माणसं, हा खरा मुद्दा आहे.

एव्हीजीसीमधला शेवटचा 'सी' एवढा महत्त्वाचा का?

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट आठवा. १२ तारखेला 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा जपानी ॲनिमे भारतात लागला आणि भल्या पहाटेच्या शोचीही तिकिटं विकली गेली. इन्स्टावर थिएटरमधले व्हिडिओ फिरत होते. तो सिनेमा मुळात कॉमिक आहे. कोयोहारू गोतोगे यांनी फेब्रुवारी २०१६ ते मे २०२० या काळात एका जपानी साप्ताहिकात ती मांगा मालिका काढली. आधी कागद, मग टीव्ही मालिका, मग सिनेमा, मग खेळणी आणि टी-शर्ट.

घिबली स्टुडिओचे हायाओ मियाझाकी यांचंही तसंच. त्यांचा 'नाउसिका' हा सिनेमा १९८४ चा, पण त्याची कॉमिक मालिका त्यांनी १९८२ मध्येच सुरू केली होती.

याचा अर्थ सोपा आहे. ॲनिमेशनला स्टुडिओ लागतो, व्हीएफएक्सला महागडे कॉम्प्युटर लागतात, गेमला प्रोग्रामरची टीम लागते. कॉमिक्सला कागद, पेन आणि सांगण्यासारखं काहीतरी लागतं. चौघांपैकी सगळ्यात कमी भांडवलात होणारं काम हेच. आणि बाकीच्या तिघांना कच्चा माल पुरवणारंही अनेकदा हेच असतं. ज्या जिल्ह्यात स्टुडिओ नाही तिथून सुरुवात करता येईल अशी ही एकमेव जागा आहे.

सरकारलाही हे कळतंय असं दिसतं. मे २०२५ मध्ये मुंबईत 'वेव्हज' ही जागतिक परिषद झाली, तेव्हा नव्या कॉमिक्सकारांसाठी आणि मांगा-ॲनिमेसाठी स्वतंत्र स्पर्धा होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही स्वतःचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. पण परिषद असो, संस्था असो की स्टुडिओ, सगळं मुंबई-पुण्याभोवती फिरतं. शाळांमधल्या लॅबची घोषणा वेगळी वाटते ती म्हणूनच. ती पहिल्यांदा गावाकडे बघते.

एक साधं गणित करू. देशात पावणेआठशेहून जास्त जिल्हे आहेत. १५ हजार शाळा त्यांच्यात समान वाटल्या तर एका जिल्ह्याला साधारण १९ मिळतात. वाशिमचे सहा तालुके धरले तर तालुक्याला तीन. आकडा छोटा आहे, पण तालुक्यात तीन शाळा म्हणजे शून्य नव्हे. त्या तीन शाळांमध्ये काय घडतं, यावर बाकीच्या शाळा या विषयाकडे कसं बघतील ते ठरणार.

वाशिमचा आणि चित्रातल्या गोष्टींचा काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा बराच जुना.

वाशिमचं प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ मध्ये वाशिमचा ताम्रपट समोर आला आणि ही वेगळी शाखा होती हे इतिहासकारांना नीट कळलं. याच शाखेचा राजा हरिषेण. त्याचा काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेणीतला शिलालेख सांगतो की ती लेणी हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतली. १७ क्रमांकाच्या लेणीतला लेखही हरिषेणाच्या राजवटीचा उल्लेख करतो.

आणि १७ क्रमांकाच्या लेणीत काय आहे? भिंतीच्या भिंती गोष्टींनी भरलेल्या. राज्य, मुलं, सगळं दान करून टाकणाऱ्या विश्वंतर राजपुत्राची जातककथा. राक्षसींच्या बेटावर अडकलेल्या सिंहल व्यापाऱ्याची कथा. एकाच भिंतीवर तेच पात्र पुन्हा पुन्हा दिसतं, कारण प्रत्येक वेळी तो गोष्टीतला पुढचा प्रसंग असतो. कॉमिक्ससारख्या चौकटी नाहीत. खांब, दरवाजा, खडक किंवा झाड मधे आलं की समजायचं, प्रसंग बदलला. विद्या देहेजिया यांच्यासारख्या कलाइतिहासकारांनी भारतीय शिल्पं आणि चित्रं गोष्ट कशी सांगतात, याच्या पद्धती सविस्तर उलगडून दाखवल्या आहेत.

अजिंठा म्हणजे जगातलं पहिलं कॉमिक, असा दावा करायची गरज नाही. असल्या दाव्यांनी व्हॉट्सॲप फॉरवर्ड तयार होतात, समज वाढत नाही. मुद्दा एवढाच की सलग चित्रांतून गोष्ट सांगणं ही परदेशातून आलेली फॅशन नाही. ज्या राजसत्तेच्या काळात अजिंठ्याच्या या भिंती रंगल्या, तिची राजधानी आजच्या वाशिम शहराच्या जागी होती. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं, तेही वत्सगुल्मातच. साहित्याच्या नकाशावर या गावाला एकेकाळी एवढा मान होता.

लॅबमधला पहिला धडा जपानी डोळे कसे काढायचे यावर असायला हरकत नाही. दुसरा धडा मात्र अजिंठ्याच्या भिंतीवर असला पाहिजे.

मराठीत कॉमिक्स नव्हती का? होती की!

आता आजच्या अडचणीकडे येऊ. चित्र काढायला शिकवता येतं, पण कॉमिक्स काढणारा आधी कॉमिक्स वाचणारा असावा लागतो. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला मराठी कॉमिक कुठे मिळतं?

एकेकाळी ते एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मिळायचं. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. ली फॉक यांचा 'फँटम' मराठी घरांत 'वेताळ' म्हणून आला. मँड्रेक जादूगार आला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला 'बहादूर' आला. तो डाकूंशी लढणारा खेड्यातला भारतीय नायक होता. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं.

१९६७ मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिची पुस्तकं मराठीतही आली. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भारतीय कॉमिक्सच्या सुवर्णकाळातले बरेच हात मराठी होते. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, संजय अष्टपुत्रे. 'टिंकल'मधल्या सुपंडीला पहिला चेहरा दिला तो वाईरकरांनी. हिंदी पट्ट्यात धुमाकूळ घालणारा राज कॉमिक्सचा 'नागराज' सुरुवातीला कागदावर उतरवला तो पुण्याच्या मुळीकांनी. चित्रकार मराठी, पण ज्या मालिकांवर पिढ्या वाढल्या त्या इंग्रजी आणि हिंदीतल्या. मराठी आवृत्ती निघाली तरी बहुतेकदा ती अनुवाद असायची.

अस्सल मराठीत जन्मलेलं आणि घराघरांत पोहोचलेलं एक उदाहरण म्हणजे 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मधून ही पट्टी सुरू केली. रोज तीन-चार चौकटी, एक मुलगा, त्याचे मित्र, आई-पप्पा. २०१२ मध्ये त्यावर मराठी सिनेमा आला, पुढच्या वर्षी दुसरा. कागदावरच्या मराठी मुलाचा पडद्यापर्यंतचा प्रवास होऊ शकतो, हे 'चिंटू'ने दाखवलं. फक्त त्याच्यामागे दुसरा, तिसरा, चौथा आला नाही.

कारण बाजाराचं आहे. इंग्रजीत भारतीय ग्राफिक कादंबऱ्या येत राहिल्या. अमृता पाटील यांची मुंबईत घडणारी 'कारी' २००८ मध्ये आली. अभिजीत किणी यांची 'अँग्री मावशी' २०१२ मध्ये आली. साडी नेसून मुंबईतल्या गैरप्रकारांविरुद्ध उभी राहणारी ही मावशी मराठी आहे, पण तिचं पुस्तक इंग्रजी आहे. 'डीमन स्लेयर'चा सिनेमा भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू डबिंगसह लागला. मराठी त्यात नव्हती. बाजारात मराठी वाचक दिसत नाही म्हणून मराठीत माल येत नाही, आणि माल नाही म्हणून वाचक तयार होत नाही. लॅब ही साखळी आपोआप तोडणार नाही.

वाशिमकडे सांगण्यासारखं आहे तरी काय?

२०१६ चा उन्हाळा. मालेगाव तालुक्यातल्या एका गावात एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं गेलं. त्याने कोणाशी भांडण केलं नाही. दिवसभराची मजुरी सांभाळून, कामाच्या आधी आणि नंतर, तो एकटाच विहीर खणायला लागला. लोक हसले. चाळीस दिवसांनी पाणी लागलं आणि मग तेच पाणी वस्तीतल्या इतरांनीही भरलं.

ही बातमी तेव्हा देशभर गाजली. मथळे आले, फोटो आले, 'विदर्भाचा दशरथ मांझी' अशी उपमाही मिळाली. मग बातमी विरली. मथळ्यात 'चाळीस दिवस' हे दोन शब्द असतात. वाचायला एक सेकंद लागतो. कॉमिक्समध्ये चाळीस दिवस दाखवता येतात. पहिल्या दिवशी गुडघाभर खड्डा, दहाव्या दिवशी छातीपर्यंत, विसाव्या दिवशी फक्त बाहेर फेकलेली माती दिसते. कठड्यावरून वाकून हसणारे चेहरे हळूहळू कमी होतात. रिकामी कळशी घेऊन परत येणारी बाई काय बोलली असेल, यासाठी एक पूर्ण पान शब्दाविना सोडता येतं. कॉमिक्समध्ये वेळ कागदावर पसरतो. वाचकाला थांबवून ठेवता येतं.

पाणी आणि जात या विषयावर नेमकं असंच काम केलेलं एक पुस्तक आहे, 'भीमायन'. नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये ते काढलं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंतांची. बाबासाहेबांना लहानपणी प्रवासात न मिळालेलं पाणी, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, हे त्यातले मुख्य धागे.

'भीमायन'ची मोठी कमाई म्हणजे त्याची मांडणी. व्याम दांपत्याने पात्रांना चौकटीत कोंबायला नकार दिला. पानांवरून वळणावळणाने जाणारी नक्षी प्रसंग वेगळे करते. पाण्याबद्दलच्या पानांवर मासे आणि लाटा येतात. प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, तर विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. 'अमर चित्र कथा'शी तुलना केली की फरक लगेच कळतो. तिथे गोष्ट वेगाने पळते, नायक पहिल्या पानापासून नायक असतो आणि भोवतालचे लोक बहुतेक वेळा पार्श्वभूमीला उभे असतात. सोपेपणात तिला तोड नाही, पण प्रश्न विचारायला ती फारशी थांबत नाही. 'भीमायन' थांबतं. मधेच आजच्या काळातल्या बातम्या आणून ठेवतं. त्याची कमजोरीही आहे. काही पानांवर मजकूर इतका दाट होतो की चित्रांचा श्वास कोंडतो. तरीही, आपल्या कलेची शैली न सोडता कॉमिक काढता येतं, हे शिकायला यापेक्षा चांगला नमुना मिळणं कठीण आहे.

वाशिमकडे अशा आणखी गोष्टी आहेत. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे देशभरातल्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या या समाजाचा इतिहास मोठ्या प्रमाणात गाण्यांत आणि तोंडी कथांत आहे. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, ती जिथे समाज राहतो तिथल्या लिपीत लिहिली जाते. तांड्यावरच्या मुलीने आजीकडून ऐकलेली गोष्ट चित्रांत काढली आणि फुग्यात देवनागरीत गोरबोली लिहिली, तर तो नुसता शाळेचा प्रकल्प राहणार नाही, भाषेची नोंद होईल.

वऱ्हाडीचंही तेच. कॉमिक्समध्ये निवेदन कमी आणि बोलणं जास्त असतं. शाळेच्या निबंधात 'काय करून रायला?' लिहिलं तर लाल शाई येते. कॉमिक्सच्या फुग्यात तेच वाक्य बरोबर असतं, कारण माणूस तसाच बोलतो. प्रमाण मराठीत अडखळणारं मूल इथे एकदम तज्ज्ञ ठरतं.

मग लॅबमध्ये शिकवायचं काय?

भीती अशी आहे की लॅब म्हणजे वीस कॉम्प्युटर, एक सॉफ्टवेअर आणि एक सर्टिफिकेट असं समीकरण होईल. सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलाला शहरात काम मिळू शकतं. दुसऱ्याने काढलेल्या चित्रात रंग भरणं, फ्रेम साफ करणं, बॅकग्राउंड कापणं. हे काम कमी दर्जाचं मुळीच नाही, पण या साखळीत सगळ्यात कमी पैसे तिथेच आहेत आणि एआय टूल्सचा पहिला घावही तिथेच बसतो. मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी आपापले फोटो 'घिबली स्टाइल' करून टाकले होते, ते आठवत असेल. रंग-रेषांची नक्कल मशीन काही सेकंदांत करतं. मालेगाव तालुक्यातल्या त्या विहिरीच्या कठड्यावर कोण उभं होतं, हे त्याला माहीत नसतं.

म्हणून लॅबमध्ये आधी गोष्ट यायला हवी. हे स्वस्तात कसं करायचं याचा एक तयार नमुना देशात आहे. शरद शर्मा यांनी सुरू केलेल्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने अनेक वर्षं गावोगावी 'ग्रासरूट्स कॉमिक्स'च्या कार्यशाळा घेतल्या आहेत. त्यांची पद्धत अशी : ए-फोरचे दोन कागद जोडायचे, त्यात चार चौकटी पाडायच्या, आपल्या गावातली एक खरी अडचण गोष्टीसारखी मांडायची आणि झेरॉक्स काढून भिंतीवर लावायची. काढणारा चित्रकार असण्याची अट नाही. पहिल्या चौकटीत प्रसंग सुरू होतो, दुसरीत अडचण वाढते, तिसरीत वळण येतं, चौथीत शेवट.

सोयाबीनचा भाव, एसटी न आल्याने बुडलेली शाळा, मुलीचं लवकर ठरलेलं लग्न. चार चौकटींत मावणार नाही असा विषय वाशिममध्ये शोधून सापडणार नाही. आणि ही कॉमिक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली की तिला लगेच वाचकही मिळतो.

दुसरा प्रश्न शिक्षकाचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त विद्यार्थी असतील तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. लहान गावातल्या शाळेत हा आकडा गाठणं अवघड. म्हणजे नववीत लॅबमध्ये येणाऱ्या अनेक मुलांना त्याआधी चित्रकलेचे वेगळे शिक्षक मिळालेलेच नसतील. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना मुलं बसतात ती बऱ्याचदा एखाद्या हौशी गुरुजींच्या किंवा मॅडमच्या जिवावर. लॅबमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर नेमला आणि चित्रकलेचा माणूस नेमला नाही, तर पाया नसलेला मजला तयार होईल.

आणि मालकी कोणाची?

समजा, सगळं जमलं. रिसोडच्या एखाद्या मुलीने एक भन्नाट पात्र तयार केलं. पुढे काय?

१९३८ मध्ये अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी आपल्या एका पात्राचे हक्क १३० डॉलरला विकले. पात्राचं नाव होतं सुपरमॅन. त्यावर पुढे इतरांनी अब्जावधी कमावले. या दोघांचं नाव पुन्हा सुपरमॅनशी जोडलं जाऊन वार्षिक पेन्शन ठरली ती १९७५ मध्ये, म्हातारपणी.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक चित्र काढणाऱ्याला, रील बनवणाऱ्यालाही माहीत असायला हव्यात.

• तुम्ही स्वतःहून काढलेल्या चित्राचे आणि गोष्टीचे पहिले मालक तुम्हीच असता. त्यासाठी नोंदणी करणं बंधनकारक नाही.

• नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते.

• हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.

• हक्क विकले तरी 'हे मी केलं आहे' असं सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

लॅबमध्ये मुलांनी केलेलं काम स्पर्धेत जाईल, पोर्टलवर चढेल, कदाचित एखादी कंपनी ते उचलेल. त्या कामाच्या मालकीचा नियम पहिल्या दिवशी लिहून भिंतीवर लावणं, हे कॉम्प्युटर बसवण्याइतकंच गरजेचं आहे. नववीतल्या मुलाला सुपरमॅनची गोष्ट सांगायची असेल तर ती १३० डॉलरसकट सांगावी.

लॅब येईपर्यंत काय करता येईल?

वाट बघायची गरज नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. मराठीतल्या नामवंत चित्रकारांनी त्यात काम केलं आहे. गोष्टीला चित्र कसं जोडायचं हे बघायला ते चांगलं आहे.

ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी 'भीमायन'बरोबरच आणखी दोन पुस्तकं बघावीत. महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर आधारित 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' (२०११) आणि नर्मदा खोऱ्यातल्या विस्थापनावर ओरिजित सेन यांनी १९९४ मध्ये काढलेलं 'रिव्हर ऑफ स्टोरीज'. दोन्ही आपल्या मातीतल्या विषयांवर आहेत.

गावातल्या अनुदानित ग्रंथालयाने दरवर्षीच्या खरेदीत चार चित्रकथांची पुस्तकं घेतली तरी फरक पडतो. सभासद तशी लेखी मागणी ग्रंथपालाकडे देऊ शकतात. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, आपल्या शाळेचं नाव लॅबसाठी गेलं आहे का, कला शिक्षक कोण असणार, हे ते बैठकीत विचारू शकतात.

आणि तीन-चार वर्षांनी या योजनेचा हिशोब मांडायची वेळ येईल, तेव्हा किती कॉम्प्युटर बसले आणि किती सर्टिफिकेटं वाटली हे आकडे समोर येतील. त्यांच्या शेजारी आणखी एक आकडा मागायला हवा : या लॅबमधून मराठीत, वऱ्हाडीत, गोरबोलीत किती पुस्तकं निघाली आणि त्यातल्या किती पुस्तकांच्या मुखपृष्ठावर काढणाऱ्या मुलामुलींची नावं आहेत.